फूटपट्टी घेऊन सायकल बघायला गेले त्याची गोष्ट

परवा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं की गिअरची सेकंडहँड सायकल घ्यायची तर सुरुवात कुठून करू, आणि मी जेवणाच्या सुट्टीत जे बोलायला लागले ते डबे बंद करायची वेळ झाली तरी जेमतेम चेनपर्यंत पोचले होते. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. आधीच सांगते, मी काही सायकलिंगवाली नाही. वय ४३, उंची पाच फूट एक इंच, शेवटची सायकल बारावीत चालवलेली, तीही लेडीज, पुढे बास्केट असलेली. गिअर म्हणजे स्कूटरला असतात तेवढेच माहीत.

मी गेली सहा वर्षं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर चालायला जाते. १४ सप्टेंबरला, रविवारी, पाऊस पडून गेला होता, सगळीकडे राडा, मी काठी टेकत टेकत उतरत होते आणि समोरून पन्नाशीच्या एक बाई चिखलातून सायकलवर वर आल्या. तोंडावर चिखल, हसतायत. मला म्हणाल्या, "जरा बाजूला ताई, थांबले तर परत चढता येणार नाही." बस, एवढंच. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं मला माउंटन बाईक घ्यायचीय. तो म्हणाला आधी जिमचे पैसे वसूल कर. बरोबरच होतं त्याचं, पण.

बजेट ठरवलं १५ हजार, हेल्मेटसकट. (हे शेवटपर्यंत टिकलं नाही, पुढे हिशोब दिलाय.) नवीन बघायला दोन दुकानांत जाऊन आले. बऱ्यापैकी पार्टची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, २५ ते ३५ हजारांच्या घरात सांगितली. त्याच सुमाराला बातमी आली की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार. तरीही नवीन परवडणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांत हौस फिटली तर ३० हजारांची वस्तू गॅलरीत कपडे वाळत घालायला होईल ही भीती होती. त्यामुळे सेकंडहँड.

पहिला आठवडा रात्री मोबाईलवर वाचण्यात गेला. डोक्याचा भुगा. चाकं २६ इंच, २७.५ इंच की २९? गिअर २१, २४ की १८? शिमानो हे गिअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव सगळ्यांवर असतं हे कळलं, पण शिमानो म्हणजे एकच वस्तू नव्हे हे नंतर कळलं. त्यात पायऱ्या आहेत, खालून वर टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे आणि त्याच्यावर आणखी. जाहिरातीत नुसतं "शिमानो गिअर" लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सगळ्यात खालची पायरी समजायची. नवख्या माणसाला अल्टस-असेरा पुष्कळ झालं, असं सगळीकडे वाचलं आणि आता चालवल्यावर मलाही तसंच वाटतं. चाकांचं म्हणाल तर २६ इंची आता जुनी झाली, टायर-ट्यूब मिळतात पण निवड कमी. माझ्या उंचीला २७.५ बरी, २९ वर मी बसले की अंबारीत बसल्यासारखं दिसत होतं.

२१ सप्टेंबरला पहिली सायकल बघितली, वारज्यात. फोटोत काय दिसत होती! लाल-काळी, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, जाड टायर, सात हजार फक्त. मुलगा कॉलेजातला, घाईत होता. मी उचलून बघितली तर उचलेनाच. घरी येऊन भाच्याला (तो इंजिनिअरिंगला आहे, थोडीफार सायकल चालवतो) फोटो पाठवला तर म्हणाला, "मावशी, सात हजारात मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसती स्प्रिंग बसवलेली असते, पायडल मारलं की अर्धी ताकद ती स्प्रिंग दाबण्यातच जाते, वर वजन अठरा किलो. ही घेऊन टेकडी चढण्यापेक्षा सिलेंडर घेऊन चढ." त्या दिवसापासून नियम केला, डबल सस्पेन्शन आणि स्वस्त असं एकत्र दिसलं की पुढे सरकायचं.

दुसरी दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, बाणेरला. ही खरंच चांगली होती, नावाजलेल्या कंपनीची, दोन वर्षांची, जेमतेम वापरलेली, २२ हजार सांगत होते. बजेटच्या बाहेर, पण दसरा, मुहूर्त, झेंडूचं तोरण वगैरे डोक्यात, मी जवळजवळ हो म्हणणार होते. तेवढ्यात भाचा म्हणाला मावशी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मधल्या दांड्यावर उभी राहा. उभी राहिले आणि, कसं सांगू, दांडा आणि मी यांच्यात अंतर उरलंच नाही. फ्रेम होती १९ इंची, एल साइज. मला हवी १५ इंची, म्हणजे एस. विकणारे म्हणत होते सीट खाली करा, होईल ॲडजस्ट. सीट खाली होते हो, पण दांडा खाली होत नाही आणि हँडलही जवळ येत नाही. टेकडीवर मध्येच थांबावं लागलं की पाय टेकायला दोन-तीन इंच तरी मोकळीक लागते, नाहीतर काय होईल ते लिहायला नको. तेव्हापासून फोन केल्यावर पहिला प्रश्न साइजचा. अर्ध्या लोकांना आपल्याच सायकलची साइज माहीत नसते. मग सांगायचं, सीटखालच्या उभ्या नळीवर स्टिकर असतो तो बघा, नाहीतर दोन्ही पायडलांचा दांडा फ्रेममधून जातो त्याच्या मध्यापासून त्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत टेपने मोजून सांगा. जो मोजून सांगतो तो माणूस बहुतेक बरा असतो, हा माझा स्वतःचा शोध.

आता तो लाजिरवाणा भाग. ८ ऑक्टोबर, बुधवार. एका ॲपवर जाहिरात, २७.५ ची, एस साइज, असेरा गिअर, फक्त नऊ हजार. मेसेज केला तर दोन मिनिटांत फोन. म्हणे मी फौजेत आहे, बदली झालीय, सायकल युनिटच्या गाडीतून घरपोच पाठवतो, तुम्ही फक्त ट्रान्सपोर्टचे १५०० भरा, सायकल मिळाली की ते वजा होतील. ओळखपत्राचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो, सायकलवर पावती चिकटवलेला फोटो, सगळं पाठवलं. बोलणं इतकं अदबीचं की मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून १५०० पाठवले. अर्ध्या तासाने परत फोन, आता जीएसटीचे ४२०० भरावे लागतील, ते लगेच परत येतील, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका की पैसे तुमच्या खात्यात. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त जाताना लागतो, हे मला माहीत होतं, रोज भाजीवाल्याला यूपीआय करते मी, तरी पहिल्या पंधराशेला भुललेच.

भाच्याने लगेच १९३० ला फोन करायला लावला. तो सायबर फसवणुकीसाठीचा नंबर आहे, सेव्ह करून ठेवा. तिथे विचारतात किती पैसे, किती वाजता, कुठल्या खात्यातून, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. हा शेवटचा नंबर पेमेंट ॲपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की खाली दिसतो, फोन करायच्या आधी कागदावर लिहून घ्या, मी बोलता बोलता शोधत बसले आणि हात थरथरत होते. मग तक्रारीचा नंबर एसएमएसवर येतो आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर जाऊन स्क्रीनशॉटसह बाकीचं भरायचं. बँकेतही एक अर्ज दिला. आज डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते १५०० परत आलेले नाहीत, मी ते शिकवणीची फी म्हणून सोडून दिलेत. नवऱ्याला चार दिवसांनी सांगितलं. तो काही बोलला नाही, जे जास्त लागलं.

यानंतर ठरवलं, सायकल समोर बघितल्याशिवाय एक रुपयाही नाही, टोकनसुद्धा नाही. आणि माझा सायकल घ्यायचा उत्साहच गेला होता. पण १२ तारखेच्या रविवारी मंडईत गेले होते, तिथून जवळच पेठेतले एक सायकल मेकॅनिक आहेत, लहानपणापासून ओळखीचे, सत्तरीचे असतील. त्यांच्याकडे सहज थांबले. त्यांना सगळं सांगितलं तर ते हसले नाहीत, एक चेन हातात दिली आणि म्हणाले पोरी, हे शीक, बाकी सगळं डोळ्याला दिसतं, हे दिसत नाही.

तर ते असं. सायकलच्या चेनची एक पूर्ण कडी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची मिळून, बरोबर एक इंच असते. बारा कड्या म्हणजे बारा इंच. स्टीलची फूटपट्टी घ्यायची, शून्य एका पिनच्या मधोमध धरायचं, आणि बारा इंचांच्या रेघेवर पिनचा मध्य आला तर चेन चांगली. पिन रेघेच्या थोडी पुढे, इंचाचा सोळावा भाग वगैरे गेली असेल तर चेन संपली, आणि तीच चेन तशीच बरेच दिवस चालवली असेल तर मागचे दातेही तिच्याबरोबर झिजलेले असणार, म्हणजे नवी चेन टाकली की ती जुन्या दात्यांवर घसरत राहणार, दोन्ही बदलावं लागणार. लोक म्हणतात "चेन ताणली", ते म्हणाले ताणत नाही गं, पिना झिजतात, प्रत्येक ठिकाणी केसभर, बारा इंचांत ते दिसतं. आणखी एक सांगितलं, मागे सात गिअर असतील तर बहुतेक आट्यांवर फिरवून बसवलेला दात्यांचा संच, म्हणजे फ्रीव्हील असतं, आठ किंवा जास्त असतील तर सरकवून बसवलेला संच, म्हणजे कॅसेट, पुढे कधी काही चांगलं बसवायचं झालं तर कॅसेटवालं बघ.

लेकाच्या दप्तरातली स्टीलची फूटपट्टी त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये.

दिवाळीत काही झालं नाही. फराळ, पाहुणे, आणि त्या दिवसांत सायकल विकायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. मी मात्र रोज रात्री जाहिराती बघायचे आणि एक लक्षात आलं, दिवाळीनंतरच्या आठवड्यात एकदम ढीग येतो, घराची साफसफाई झालेली असते ना.

२६ ऑक्टोबरला एकाकडे गेले, जागेचं नाव लिहीत नाही. सायकल ठीक, किंमत ११ हजार, बिल नाही म्हणाला, हरवलं. पायडलच्या खाली, जिथे दोन्ही पायडलांचा दांडा फ्रेममधून आरपार जातो त्या गोल डब्याच्या खालच्या बाजूला फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. सायकल उलटी केली तर तिथे नंबराच्या जागी नुसत्या कानशीच्या रेघा. मी विचारलं हे काय, तर म्हणे दगडाला घासलं. दगड इतका सरळ घासत नाही. आम्ही चहा पण न घेता निघालो. चोरीची वस्तू आहे असं वाटायला कारण असतानाही ती घेतली तर घेणाराही अडचणीत येतो, हे सोसायटीतल्या वकीलकाकांनी नंतर नीट समजावलं, पण त्या क्षणी मला फक्त कुणाची तरी सायकल गेलीय एवढंच दिसत होतं. आमच्या लेकाची गेली होती तीन वर्षांपूर्वी, पार्किंगमधून.

आणि मग निगडी. २ नोव्हेंबर, रविवार. जाहिरातीत फोटो इतके वाईट होते की दोनदा पुढे ढकलली होती ती जाहिरात मी. धूळ बसलेली, मागे वॉशिंग मशीन. पण लिहिलं होतं: "२०१९, मुलीची सायकल, मुलगी परदेशी शिकायला, १५ इंची फ्रेम, मूळ बिल आहे, सायकल तीन वर्षे उभी आहे, टायर बदलावे लागतील." जो माणूस स्वतःहून टायर बदलावे लागतील असं लिहितो त्याला भेटायलाच हवं, असं वाटलं. फोन केला, काका म्हणाले दुपारी झोपतो, चारनंतर या.

प्राधिकरणातलं शांत घर. काकांनी सायकल पुसून अंगणात काढून ठेवली होती आणि एका बुटाच्या खोक्यात बिल, मॅन्युअल, रिफ्लेक्टर, एक जास्तीची ट्यूब असं सगळं. घंटी पण होती म्हणाले, कुठे गेली काय माहीत, आणि पुढची दहा मिनिटं ते कपाटात घंटीच शोधत होते. काकू पोहे घेऊन आल्या. मी आणि भाचा कामाला लागलो. मी काय काय बघितलं ते सांगते, कारण हेच मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आधी लांबून. सायकल सरळ उभी दिसते का, मागून बघितलं तर दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का. मग फ्रेमचे सगळे वेल्डिंगचे जोड, विशेष करून हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या येऊन मिळतात तो भाग, पायडलजवळचा, आणि सीटची नळी जिथे आवळतात तिथला. ओरखडा आणि तडा यातला फरक नखाने कळतो, तड्याच्या ठिकाणी नख अडकतं आणि रेघ बहुतेक जोडाच्या कडेनेच जाते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर बाकी काहीही बघू नका, पोहे खा आणि निघा. इथे मागच्या नळीवर चेन आपटून रंग उडालेला होता, तेवढं चालतं.

पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे-मागे हलवायची, हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, ढिला. पायडलचा दांडा धरून आडवा, फ्रेमच्या दिशेने हलवायचा, खुळखुळला तर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे त्या गोल डब्यातलं बेअरिंग, गेलं. चाक उचलून फिरवायचं आणि ब्रेकच्या जवळ नजर ठेवायची, डावी-उजवीकडे नाचतंय का. मागचं थोडं नाचत होतं. आऊट काढला की जातं ते, तारा तुटलेल्या नसल्या म्हणजे झालं. सीटची दांडी सैल करून पूर्ण वर काढून बघायची, ही गोष्ट कुणी करत नाही, पण वर्षानुवर्षं न हलवलेली दांडी फ्रेममध्ये चिकटून बसते आणि मग ती निघतच नाही. काकांच्या सायकलची कुरकुरत का होईना निघाली.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनवाला चिमटा. हँडलवर वजन टाकून दाबायचा, परत सावकाश वर यायला हवा, धाडकन नाही. आतून सरकणाऱ्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे किंवा गंज आहे का ते बोट फिरवून बघायचं. हा सनटूरचा साधा स्प्रिंगवाला एक्ससीटी होता, १०० मिलिमीटरचा, डाव्या नळीवर मुगाच्या डाळीएवढा गंजाचा ठिपका आणि लॉकआऊटची, म्हणजे सस्पेन्शन बंद करायची, कळ जाम. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे. लिव्हर दाबून अर्धा मिनिट धरून ठेवायची, हळूहळू मुठीपर्यंत खाली आली तर कुठेतरी तेल गळतंय किंवा हवा शिरलीय. पुढचा ठीक, मागचा एकदम भिजलेल्या स्पंजसारखा. गिअर पडत होते, मोठ्या दात्यावर जाताना अडखळत. आणि मग पट्टी काढली. काका बघतच राहिले. पिन बारा इंचांच्या रेघेच्या चांगलीच पुढे.

म्हटलं काका, चेन आणि कॅसेट दोन्ही जाणार. ते म्हणाले, "ती रोज निगडी ते आकुर्डी कॉलेजला न्यायची, चिखल-पाऊस काही बघायची नाही, तेल घाल म्हटलं की उद्या म्हणायची." यावर भाव करायला जीवावर आलं माझ्या.

त्या दिवशी घेतली नाही. हे मुद्दाम सांगते, त्या दिवशी घेऊ नका. घरी येऊन पेठेतल्या काकांना फोटो पाठवले, खर्चाचा अंदाज घेतला, सहा-सात हजार म्हणाले. मग फोनवर बोलणी. सायकलचं २०१९ चं बिल ३१ हजारांचं होतं, काका १६ मागत होते. मी सांगितलं की ३१ हजारांची सायकल आता जीएसटी कमी झाल्यामुळे २९ च्या आसपास येते, आणि मला हिच्यावर सात खर्च आहे, मी १२ देईन. ते म्हणाले मुलीला विचारतो. मुलगी तिकडून काय म्हणाली माहीत नाही, पण दोन दिवसांनी फोन आला, १३,५००, आणि नीट चालवणार असाल तरच. मी हो म्हटलं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मग सगळे तेच नाव शोधत बसतात, त्याच पैशात त्याच तोडीच्या चार-पाच कंपन्यांच्या मिळतात.

कागदपत्रांचं बघू. सायकलला आरटीओ वगैरे काही नसतं. माझे वडील सांगतात त्यांच्या वेळी नगरपालिकेचा कर भरून सायकलला पितळी बिल्ला लावावा लागायचा आणि तो नसला की सायकल जमा, आता तसलं काही नाही, त्यामुळे आपली सायकल आपली आहे याला पुरावा म्हणजे बिल आणि पावती एवढंच. वकीलकाकांनी सांगितलं साध्या कागदावर पावती पुरे: दोघांची नावं-पत्ते, सायकलचं वर्णन, फ्रेम नंबर, रक्कम, पैसे कसे दिले, तारीख, सह्या, आणि "ही सायकल माझ्या मालकीची आहे" असं एक वाक्य. पाच हजारांच्या वरची पावती असल्याने एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर विकणाऱ्याची सही. ते एक रुपयाचं तिकीट मिळवायला मी दोन दुपारी घातल्या, शेवटी ऑफिसच्या अकाउंट्समधल्या बाईंनी ड्रॉवरमधून काढून दिलं. आधारची प्रत मागायला मला संकोच वाटत होता, काकांनाही द्यायला वाटत होता, मग त्यांनी शेवटचे चार आकडेच दिसतात ती मास्क्ड आधारची प्रत दिली. दोघांचं समाधान. मूळ बिलही त्यांनी मागे सही करून दिलं.

८ नोव्हेंबरला, शनिवारी, पैसे दिले आणि प्रश्न आला की निगडीहून कोथरूडला न्यायची कशी. टेम्पोवाला बाराशे म्हणाला. भाचा म्हणाला मावशी, मेट्रोत सायकल नेता येते की. निगडीपर्यंतच्या मेट्रोचं काम तेव्हा चालूच होतं, त्यामुळे पीसीएमसी (पिंपरी-चिंचवड महापालिका) स्टेशनपर्यंत चार-साडेचार किलोमीटर सायकल न्यायची. पंचवीस वर्षांनी सायकलवर बसत होते, तेही मागच्या अर्ध्या ब्रेकवर, मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेने, भाचा स्कूटरवरून मागून ओरडतोय, "मावशी गिअर! गिअर टाक!" कुठला टाकू? अर्ध्या वाटेत उतरून ढकलत नेली.

स्टेशनवर गार्डने सायकल बघितली, बॅगही बघितली आणि रुंद गेटमधून सोडलं. सायकलचे वेगळे पैसे नाही पडले. लिफ्टने वर, शेवटच्या डब्यात एका कोपऱ्यात उभी राहिले, ब्रेकची लिव्हर दाबून धरायची हे लक्षात ठेवा नाहीतर गाडी थांबताना सायकल निघते पुढे. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. तिथे पिंपरीकडून येणारी गाडी खोल जमिनीखाली आणि वनाजला जाणारी वर, त्यामुळे लिफ्ट बदलत बदलत जाताना मला वाटलं मी आता थेट आभाळातच निघणार. एक आजोबा लिफ्टमध्ये म्हणाले, "बाई, सायकल असून मेट्रोने कशाला जाता?" पुण्यातच आहोत याची खात्री पटली. वनाजला उतरले तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी हौसेने सायकल धुतली, आणि चेन कोरडी दिसली म्हणून शिलाई मशीनचं तेल घेऊन भरपूर घातलं. ते उडून मागच्या डिस्कवर गेलं. आधीच अर्धमेला ब्रेक, तो पूर्ण मेला, दाबला की नुसतं गाढव ओरडल्यासारखा आवाज. डिस्क ब्रेकच्या पत्र्याला तेलाचा हातसुद्धा लावायचा नसतो, पॅड तेल पितात आणि मग ते फेकावेच लागतात, हे मला सातशे रुपयांना कळलं.

११ नोव्हेंबरला हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये टाकली, कारण पेठेतले काका म्हणाले तेलाचे ब्रेक मी नाही करत. तीन दिवस म्हणाले, नऊ लागले. आठ स्पीडची कॅसेट माझ्या मापाची येत नव्हती. बिल असं: चेन ६५०, कॅसेट १३५०, दोन टायर २२००, दोन ट्यूब ६००, पुढचे-मागचे पॅड ७००, दोन्ही ब्रेक ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढून, नवं तेल ८००, केबल ४००, मजुरी १०००. एकूण ७७००. म्हणजे सायकल पडली २१,२०० ला, वर हेल्मेट, पंप, कुलूप मिळून तीन हजार, वर ते फौजीचे पंधराशे. पंधरा हजारांचं बजेट होतं, आठवतंय ना. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत ऐकली की त्यात मनातल्या मनात निम्मी किंमत मिळवा आणि मग परवडतंय का बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते. ब्लीड करायच्या आधी एक विचारा, कुठलं तेल घालणार. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांना डॉट फ्लुइड, आणि एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली रबरं फुगून बाद होतात.

२३ नोव्हेंबरला, रविवारी, पहाटे साडेसहाला टेकडीवर चढणाऱ्या एआरएआयच्या रस्त्याने निघाले. पहिल्या वळणावर सगळ्यात हलका गिअर संपला, दुसऱ्या वळणावर मी संपले. बाकीचा चढ ढकलत. चालायला आलेल्या माझ्याच ग्रुपच्या दोघी मला ओलांडून पुढे गेल्या. पण वर पोचल्यावर सपाट मातीच्या वाटेवर बसले, टायरमध्ये हवा तीस पीएसआयच ठेवलेली (रस्त्यासाठी पंचेचाळीस ठेवते, मातीवर कमी केली की चाक दगडावरून उडत नाही, चिकटून जातं), आणि खाणीच्या बाजूने जाताना एक मोर उडाला, मी घाबरून ब्रेक दाबला आणि तो लागला! मागचा ब्रेक लागला. त्याचंच इतकं कौतुक वाटलं की मोर कुठे गेला बघितलंच नाही. चालणाऱ्यांची गर्दी असली की मी उतरून चालते, सहा वर्षं मीही सायकलवाल्यांना शिव्या दिल्यात. आणि लवकर उठवत असेल तर सातच्या आत या, नंतर वाटेवर जागाच नसते.

आता आठवड्यातून दोनदा जाते. चढ अजून पूर्ण होत नाही, दुसऱ्या वळणाच्या पुढे एक लाल खूण केलेला दगड आहे तिथपर्यंत मजल आहे. फोर्कचं काम राहिलंय, तो गंजाचा ठिपका आहे तिथेच आहे, सर्व्हिसिंगचे बाराशे सांगितलेत, जानेवारीच्या पगारात बघू.

मागच्या आठवड्यात निगडीच्या काकांना टेकडीवरचा सायकलचा फोटो पाठवला होता. त्यांनी तो मुलीला पाठवला, तिने विचारलं म्हणे की टायर कुठले टाकले. आणि काल रात्री काकांचा मेसेज आला, घंटी सापडली, माळ्यावर दिव्यांच्या माळांच्या पिशवीत होती, कधी येताय न्यायला.